टाकी भरली की बंद पडणारी गाडी: एक प्रकरण अभ्यास

चालती गाडी अचानक बंद पडते. वीस मिनिटं थांबलं की काहीच घडलं नसल्यासारखी सुरू होते. गॅरेजमध्ये आणली तर दिवसभर एक झटकाही मारत नाही. हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवतोय, कारण माझ्याकडे येण्याआधी या गाडीचे बरेच सुटे भाग बदलले गेले होते. त्यातला एकही खराब नव्हता. खरा दोष जिथे होता त्या भागाचं नाव तोपर्यंत कुणी घेतलं नव्हतं, आणि पहिल्या दिवशी मीही घेतलं नाही.

गाडी नऊ वर्षांची, १.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेले. इंधनाची रचना साधी आहे. विजेवर चालणारा पंप टाकीत बुडालेला, त्याच्या तोंडाशी बारीक जाळी, फिल्टर आणि प्रेशर रेग्युलेटर पंपाच्याच मॉड्यूलमध्ये. इंजिनाकडून टाकीकडे पेट्रोल परत आणणारी नळी या रचनेत नसते. पंप पेट्रोल वर ढकलतो, रेग्युलेटर रेलमधलं (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं) प्रेशर ३५० किलोपास्कलवर, म्हणजे साडेतीन बारवर राखतो आणि जास्तीचं पेट्रोल टाकीतल्या टाकीत सोडून देतो. टाकी ४२ लिटरची.

मालकीणबाई रोज कामासाठी बरंच अंतर एकट्या गाडी चालवतात. त्यांची तक्रार अशी होती: अर्धा-पाऊण तास गाडी नीट चालते, मग उचल कमी होते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढत नाही, दहा-पंधरा सेकंद हुंदके दिल्यासारखे झटके येतात आणि इंजिन बंद होतं. लगेच सेल्फ मारला तर स्टार्टर फिरतो, पण इंजिन पकडत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी एका झटक्यात सुरू. एकदा हे सगळं मोठ्या रस्त्यावर, सगळ्यात वेगाच्या लेनमध्ये झालं. मागे ट्रक होता आणि मागच्या सीटवर त्यांचे वयस्कर वडील. ते सांगताना बाईंचा आवाज कापत होता.

ही भीती अगदी योग्य आहे. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम नव्याने तयार होत नाही. ब्रेकच्या बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेक दोन-तीनदा हलका लागतो, त्यानंतर पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टेअरिंगही जड होऊ शकतं. म्हणून बंद पडलेली गाडी कडेला घेताना ब्रेक पुन्हापुन्हा दाबून सोडायचा नाही, एकदा दाबून धरायचा. चावी पूर्ण मागे फिरवायची नाही, नाहीतर स्टेअरिंग लॉक होऊ शकतं. हे मी बाईंना निदानाच्या आधी सांगितलं. दुरुस्ती होईपर्यंत त्यांना कदाचित याचीच गरज पडणार होती.

आधी झालेली कामं

पहिल्या ठिकाणी स्पार्क प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली आणि स्कॅनरने दोषाचा कोड पुसून टाकला. कोड कोणता होता ते बिलावर नव्हतं. मला याची फार हळहळ वाटते. कोडसोबत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्या क्षणाची नोंद ठेवतो. इंजिन किती गरम होतं, वेग किती, पेट्रोल किती टक्के कमीजास्त केलं जात होतं, हे सगळं त्या एका चौकटीत असतं. कोड पुसला की तेही जातं.

दुसऱ्या ठिकाणी पंपाचं अख्खं मॉड्यूल बदललं. तर्क वाईट नव्हता. गरम झाल्यावर दम सोडणारा आणि थंड झाल्यावर पुन्हा चालणारा पंप हे नेहमीचं दुखणं आहे. शिवाय २०२० मध्ये टोयोटाने डेन्सो कंपनीच्या पंपांमुळे जगभरातून ५० लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या, तेव्हापासून ‘चालती गाडी बंद पडली’ म्हटलं की सगळ्यांच्या मनात आधी पंप येतो. त्या पंपांमधला प्लास्टिकचा इम्पेलर, म्हणजे पेट्रोल ढकलणारं चाक, इंधन शोषून फुगायचा, पंपाच्या अंगाला घासायचा आणि पंप अडकायचा. या गाडीत नवा पंप बसल्यावर अकरा दिवस सगळं ठीक चाललं. बाराव्या दिवशी गाडी पुन्हा बंद पडली. हे अकरा दिवस लक्षात ठेवा.

तिसऱ्या ठिकाणी क्रँकशाफ्टचा सेन्सर (इंजिनाचे फेरे ईसीयूला कळवणारा) आणि पंपाचा रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा) बदलला. क्रँक सेन्सरही गरम झाला की सिग्नल सोडतो आणि थंड झाला की परत देतो, त्यामुळे संशय रास्त होता. पण सेन्सर गेला तर इंजिन बटण दाबून बंद केल्यासारखं तटकन बंद पडतं. आधी उचल कमी होणं, मग हुंदके, मग बंद, हा क्रम इंधन कमी पडत असल्याचा आहे. बाईंनी तो क्रम त्याही ठिकाणी सांगितला होता. कुणी लिहून घेतला नाही.

माझा पहिला दिवस

गाडी आली तेव्हा स्कॅनरवर एकच कोड होता, तोही पक्का नाही, प्रलंबित: पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे पाहून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे सतत कमीजास्त करत असतो. त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. अधिक टक्के म्हणजे तो पेट्रोल वाढवतोय, उणे म्हणजे घटवतोय. जागेवर उभ्या गाडीत हे आकडे अधिक ३ ते ४ टक्क्यांत होते. त्यात बोट ठेवावं असं काही नव्हतं.

रेलच्या आधी टी-जोड लावून प्रेशर पाहिलं, बरोबर ३५०. इंजिन बंद केल्यावरही प्रेशर टिकून राहत होतं, म्हणजे इंजेक्टर गळत नव्हते. पंपाच्या कनेक्टरवर १३.७ व्होल्ट मिळाले, तेव्हा बॅटरीवर १४.१ होते. तारेत आणि अर्थमध्ये मिळून ०.४ व्होल्टची घट, तीही चालण्यासारखी. पंप ४.८ अँपिअर घेत होता. पेट्रोलचा नमुना काचेच्या बरणीत काढून अर्धा तास ठेवला. तळाशी पाण्याचा थर नाही, गढूळपणा नाही. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र येऊन खाली बसतात, आणि पंपाची जाळी नेमकी तिथेच असते. म्हणून ही तपासणी मी सोडत नाही. इथे तीही निर्दोष निघाली.

मग गाडी ५० मिनिटं रस्त्यावर फिरवली. पूर्ण गरम केली, चढावर ओढली, तरी काहीही झालं नाही. संध्याकाळी मी बाईंना फोन करून सांगितलं की गाडी माझ्याकडे बंद पडत नाहीये. तोपर्यंत त्यांनी हे वाक्य चौथ्यांदा ऐकलं असेल.

माझी चूक मला दुसऱ्या दिवशी उमगली. नमुना काढण्यासाठी मी टाकीचं झाकण उघडलं होतं, आणि त्या क्षणी दोष स्वतःच्या हाताने घालवून टाकला होता. शिवाय गाडी आली तेव्हा टाकी जेमतेम पाव भरलेली होती. या दोन गोष्टींचं महत्त्व मला बाईंच्या नोंदींनी दाखवलं.

नोंदी

बाई पेट्रोल भरलं की फोनमध्ये तारीख, लिटर आणि किलोमीटर टिपतात. गाडी बंद पडली की तेही त्यांनी त्याच यादीत लिहिलं होतं, कुणी मागितलं नसताना. पाच महिन्यांत नऊ वेळा. मी दोन्ही नोंदी किलोमीटरच्या क्रमाने एकाखाली एक मांडल्या आणि बराच वेळ बघत बसलो. नऊपैकी सात वेळा गाडी टाकी पूर्ण भरल्यानंतर ६० किलोमीटरच्या आत बंद पडली होती. उरलेल्या दोनदा ९० किलोमीटरच्या आत. टाकी अर्ध्याखाली असताना एकदाही नाही.

दमलेल्या पंपाचं वागणं याच्या नेमकं उलट असतं. पंपाला गार ठेवतं ते त्याच्याभोवतीचं पेट्रोल. पातळी खाली गेली की पंप उघडा पडतो, तापतो आणि थकतो. त्यामुळे खराब पंपाची गाडी काटा खाली गेला की त्रास देते. ही गाडी काटा वर असताना त्रास देत होती.

अकरा दिवसांचं कोडंही इथेच सुटलं. पंप बदलताना टाकी रिकामी केली गेली होती. काम झाल्यावर त्यात थोडंच पेट्रोल परत घातलं गेलं, आणि पुढचे दहा-अकरा दिवस बाईंनी थोडं थोडंच भरलं, कारण ‘परत टाकी उघडावी लागली तर?’ अशी धास्ती होती. बाराव्या दिवशी विश्वास बसला म्हणून त्यांनी टाकी पूर्ण भरली, आणि परतीच्या वाटेवर गाडी बंद पडली.

यादीच्या शेवटी त्यांनी आणखी एक ओळ लिहिली होती: ‘फुल केल्यावर काटा बराच वेळ फुलच्या वरच चिकटून राहतो.’ मी ती वाचली आणि पुढे गेलो.

टाकी श्वास कशी घेते

टाकीतून एक लिटर पेट्रोल इंजिनाकडे गेलं तर त्या जागी एक लिटर हवा आत यायला हवी. जुन्या गाड्यांत झाकणाला भोक असायचं. पेट्रोलची वाफ हवेत सोडायला मनाई झाल्यापासून टाकी बंद असते आणि तिचा श्वास कोळशाच्या डब्यातून चालतो. या डब्याला कॅनिस्टर म्हणतात. गाडी उन्हात उभी असली की टाकीतली वाफ डब्यात जाते आणि कोळशाला चिकटते. इंजिन गरम झालं की ईसीयू डबा आणि इंजिन यांच्यामधला पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिनाचा व्हॅक्यूम ती वाफ ओढून घेतो आणि जाळून टाकतो. डब्याला तिसरं तोंड असतं, बाहेरच्या हवेचं. ओढलेल्या वाफेच्या जागी आणि जळालेल्या पेट्रोलच्या जागी हवा याच तोंडातून येते.

आता हे तिसरं तोंड बुजलं असं समजा. पेट्रोल कमी होतंय, बदल्यात हवा येत नाही. एवढ्यावर थांबलं तर व्हॅक्यूम सावकाश वाढेल. पण पर्ज व्हॉल्व्ह उघडला की इंजिन स्वतःच टाकीतली हवा ओढू लागतं. इंजिन संथ फिरत असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात, हवेच्या दाबापेक्षा सुमारे ६० किलोपास्कल कमी दाब असतो. तो त्या बंद टाकीला लागतो. अर्धा-पाऊण तासाचा उशीर यातूनच समजतो: इंजिन गरम होईपर्यंत पर्ज सुरूच होत नाही, आणि त्यानंतर व्हॅक्यूम साठायला वेळ लागतो.

आणि टाकी भरलेली असतानाच का? कारण भरलेल्या टाकीत हवेची जागा अगदी थोडी असते. समजा वर ४ लिटर हवा आहे. त्यातली एक लिटर ओढली, किंवा एक लिटर पेट्रोल जळालं, तर दाब पाचव्या हिश्शाच्या आसपास कमी होऊ पाहतो. अर्ध्या टाकीत २१ लिटर हवा असते. तिथे एक लिटरने पाच टक्केही फरक पडत नाही. पेट्रोलची वाफ काही भरपाई करते, पण दोन्हींतलं अंतर राहतंच. बाईंच्या नऊ नोंदी हेच सांगत होत्या.

व्हॅक्यूममुळे गाडी बंद का पडावी, हाही प्रश्न आहे. प्रेशर टाकीतल्या दाबाच्या वर मोजलं जातं, म्हणून टाकीत २० किलोपास्कल कमी झाले तर रेलमध्येही साधारण तेवढेच कमी होतील. ३५० मधून २० गेले म्हणून इंजिन बंद पडत नाही. बंद पडतं ते पेट्रोल उकळल्यामुळे. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण आहे, त्यातले हलके घटक लवकर उडतात. भोवतीचा दाब पेट्रोलच्या वाफेच्या दाबाइतका (बाष्पदाबाइतका) खाली आला की ते उकळतं. उन्हाळ्यासाठीच्या पेट्रोलचा बाष्पदाब ३७.८ अंश सेल्सिअसला ६० किलोपास्कलच्या आसपास असू शकतो, आणि तासभर चाललेल्या गाडीच्या टाकीतलं पेट्रोल त्याहून गरम होऊ शकतं. वर दाब कमी, पेट्रोल गरम, आणि पंप जिथून पेट्रोल ओढतो तिथे दाब आणखी खाली जातो. तिथे बुडबुडे सुटतात. पंप द्रव ढकलण्यासाठी बनवलेला असतो, वाफ त्याला ढकलता येत नाही. गाडी उभी राहिली की इंजिनाची ओढ थांबते, वाफ वरची जागा भरते, दाब सावरतो, बुडबुडे विरतात आणि वीस मिनिटांनी गाडी सुरू होते.

हे सगळं मला कागदावर पटलं होतं. पण कागदावर पटलेल्या निदानावर सुटा भाग बदलायचा नाही, कारण या गाडीत तीन वेळा तेच झालं होतं.

दोष पकडला तो प्रवास

टाकी भरली. प्रेशरचं मीटर वायपरखाली काचेबाहेर बांधलं. पेट्रोलने भरलेली नळी गाडीच्या आत आणायची नाही, मग कितीही गैरसोय होवो. हवेत अवघी दीड टक्का वाफ मिसळली तरी ती पेट घेऊ शकते. मीटर लावण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे नळीतलं प्रेशर उतरतं. आग विझवायचं सिलिंडर सहकाऱ्याच्या पायाशी होतं. पंपाच्या तारेवर अँपिअर मोजणारा क्लॅम्प, टाकीच्या वाफेच्या नळीला व्हॅक्यूमचं मीटर, आणि स्कॅनरवर आरपीएम, फ्युएल ट्रिम, पर्जचं प्रमाण आणि कूलंटचं तापमान. सहकारी आकडे मोठ्याने वाचत होता, मी गाडी चालवत होतो.

पहिली काही मिनिटं शांततेत गेली. इंजिन तापलं, पर्ज सुरू झाला, आणि पहिली गंमतीची गोष्ट दिसली: फ्युएल ट्रिम उणे १२ वर गेला. मिश्रणात पेट्रोल जास्त होतंय असं ईसीयू म्हणत होता, तर मी वाट बघत होतो ती पेट्रोल कमी पडण्याची. क्षणभर मी डगमगलो. मग लक्षात आलं, पर्जमधून येणारी वाफ गरजेपेक्षा फार दाट आहे. कोळशाचा डबा नुसता वाफेने भरलेला नाही, त्यात ओलं पेट्रोल आहे.

२६ व्या मिनिटाला टाकीतला व्हॅक्यूम १४ किलोपास्कल झाला. ट्रिम हळूहळू शून्याकडे आणि मग अधिककडे सरकला. ३१ व्या मिनिटाला प्रेशरचा काटा थरथरू लागला. ३५० वर स्थिर असणारा काटा आता त्याखाली नाचत होता. ३४ व्या मिनिटाला व्हॅक्यूम २१, प्रेशर २९०, ट्रिम अधिक २५, म्हणजे ईसीयूने हात टेकले होते. पंपाचा प्रवाह ४.८ वरून ३.४ अँपिअरवर उतरला. पंप द्रव ढकलत असेल तर त्याच्यावर भार असतो. वाफ आली की भार हलका होतो, पंप रिकामा गरगरतो आणि वीज कमी घेतो. मी गाडी कडेला घेत असतानाच प्रेशर १८० वर आलं, झटके सुरू झाले आणि इंजिन बंद पडलं. आरपीएम उतरत उतरत शून्यावर गेला. सेन्सरचा सिग्नल शेवटपर्यंत येत होता, म्हणजे क्रँक सेन्सरचा यात संबंध नव्हता.

एक शंका अजून शिल्लक होती. पंपाच्या तोंडाची जाळी तुंबली तरी हेच आकडे दिसतात: प्रेशर पडतं, प्रवाह पडतो, काटा थरथरतो. दोन्हींत फरक करायला एकच कृती पुरेशी होती. सेल्फ मारून पाहिला, इंजिन सुरू झालं नाही. मग उतरलो आणि टाकीचं झाकण फिरवलं. टाकीने आत ओढलेल्या श्वासाचा आवाज कितीतरी सेकंद येत राहिला. बाहेर येणारा फुसकारा उन्हाळ्यात सगळ्यांच्या ओळखीचा असतो, हा आवाज आत जाणारा होता. चावी फिरवली, ईसीयूने नेहमीप्रमाणे पंप दोन सेकंद चालवला आणि काटा ३५० वर जाऊन उभा राहिला. इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू झालं. जाळी तुंबलेली असती तर झाकण उघडून तिला काहीच फरक पडला नसता.

काय बुजलं होतं, आणि का

गाडी लिफ्टवर घेतली. कॅनिस्टर मागच्या चाकाजवळ होता. काढून हातात घेतला तेव्हाच वजन सांगत होतं की तो ओला आहे. उलटा केला तर पेट्रोल ठिबकलं. हवेच्या तोंडावर हाताचा व्हॅक्यूम पंप लावला तर व्हॅक्यूम धरून राहिला, म्हणजे वाट पूर्ण बंद. तोंडाच्या आत बाहेरून आलेली धूळ आणि आतून सुटलेली कोळशाची पूड ओली होऊन सिमेंटसारखी बसली होती. पर्ज व्हॉल्व्हमध्येही कोळशाचे कण निघाले. वीज नसताना तो घट्ट बंद असायला हवा, पण हा कणांमुळे किंचित उघडा राहत होता. म्हणजे ईसीयूने पर्ज थांबवला तरी इंजिनाची ओढ चालूच.

कॅनिस्टर वाफेसाठी असतो, द्रवासाठी नाही. त्यात द्रव जातं ते बहुतेक वेळा टाकी काठोकाठ भरल्यामुळे. नोझल खटकन बंद होतं तेव्हा टाकीत वर हवेची जागा मुद्दाम ठेवलेली असते. त्यानंतर आणखी दोनदा-तीनदा दाबून भरलं की पेट्रोल वाफेच्या नळीत चढतं आणि डब्यात उतरतं. भिजलेल्या कोळशाचे कण सुटतात, पूड होते. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘दादा, मी नेहमीच आकडा पूर्ण करून घेते. हिशोब सोपा जातो.’ त्यांना यात दोष देण्यासारखं काही नाही. नोझल थांबल्यावर का थांबायचं, हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

तरीही मला एक गोष्ट अडत होती. कॅनिस्टर बुजला तरी टाकीच्या झाकणात सुटकेचा छोटा व्हॉल्व्ह असतो. व्हॅक्यूम थोड्या किलोपास्कलच्या वर गेला की तो उघडून हवा आत घेतो. तो का उघडला नाही? झाकण हातात घेऊन पाहिलं तर आतून सपाट. आटे बसत होते, रबर घट्ट होतं, पण व्हॉल्व्हच नव्हता. बाईंना आठवलं, मूळ झाकण हरवलं होतं आणि सुमारे वर्षभरापूर्वी मिळेल ते बसवलं होतं. टाकीला श्वासाचे दोन मार्ग होते. एक सावकाश बुजत गेला, दुसरा एका दिवसात बंद झाला. मूळ झाकण असतं तर ही गाडी बहुधा कधीच बंद पडली नसती, फक्त कॅनिस्टर आतून कुजत राहिला असता.

हवेचं हे तोंड बुजणं दुर्मीळ आहे, पण नवं नाही. २०११ मध्ये माझदाने उत्तर अमेरिकेतून ‘माझदा ६’ या मॉडेलच्या सुमारे ६५ हजार गाड्या परत बोलावल्या, कारण पेट्रोलच्या वासाने ओढला जाणारा एका जातीचा पिवळा कोळी कॅनिस्टरच्या हवेच्या नळीत जाळं विणत होता. नळी तुंबून टाकीत व्हॅक्यूम वाढायचा आणि टाकीला तडा जाण्याचा धोका होता. २०१४ मध्ये त्याच कारणाने त्यांना पुन्हा हजारो गाड्या बोलवाव्या लागल्या. त्या प्रकरणात चिंता टाकी तडकून पेट्रोल गळण्याची होती. आमच्या गाडीत टाकी वाचली, पंप गुदमरला. मूळ एकच.

स्कॅनरने हे का सांगितलं नाही, असंही मला विचारलं गेलं. ज्या गाड्यांत टाकीचा दाब मोजणारा सेन्सर आणि हवेच्या तोंडावर स्वतंत्र व्हॉल्व्ह असतो, त्या स्वतःच तपासून कोड देतात. या गाडीत दोन्ही नव्हते. ईसीयूला फक्त परिणाम दिसत होता, पेट्रोल कमी पडण्याचा. त्याने तो इमानदारीने नोंदवला होता.

दुरुस्ती आणि पडताळणी

नवा कॅनिस्टर, नवा पर्ज व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह असलेलं योग्य झाकण. टाकीपासून कॅनिस्टरपर्यंतची आणि तिथून इंजिनापर्यंतची नळी दोन्ही टोकं सोडवून साफ केली. जुने कण राहिले असते तर नवा पर्ज व्हॉल्व्हही काही महिन्यांत तसाच उघडा राहिला असता. नळ्या जोडलेल्या असताना त्यांत वारा मारायचा नाही, दोन्ही बाजूंनी मोकळ्या करूनच मारायचा. कॅनिस्टर आणि टाकी जोडलेली असताना जोरात हवा मारली तर कोळशाची पूड टाकीत जाते, आणि मग खरोखरच पंपाची जाळी तुंबते.

त्यानंतर टाकी पुन्हा भरली, या वेळी नोझल पहिल्यांदा थांबलं तिथेच थांबून. त्याच रस्त्यावर, तीच मीटरं लावून एक तास दहा मिनिटं गाडी चालवली. टाकीतला व्हॅक्यूम एकदाही १ किलोपास्कलच्या वर गेला नाही. प्रेशर ३५०, प्रवाह ४.७ ते ४.९, ट्रिम उणे २ ते अधिक ४ मध्ये. मुद्दाम जुनं झाकण लावून आणखी अर्धा तास फिरवली. तेव्हाही व्हॅक्यूम वाढला नाही, म्हणजे नवा कॅनिस्टर एकटा पुरेसा मोकळा होता. नवं झाकण लावून कॅनिस्टरचं तोंड बोटाने दाबून धरलं, तेव्हा झाकणातला व्हॉल्व्ह बारीक आवाज करत उघडला. दोन्ही मार्ग वेगवेगळे तपासल्याशिवाय मला गाडी परत द्यायची नव्हती.

आधी बदललेला पंप, रिले आणि सेन्सर मी तसेच ठेवले. ते चांगले होते. मूळ पंप बाईंनी डिकीत जपून ठेवला होता. तोही मी बाहेर तपासला, पूर्ण प्रेशर देत होता.

बाईंनी नोंदी चालू ठेवल्या. दर महिन्याला त्या मला यादीचं चित्र पाठवायच्या. सहा महिन्यांत चौदा वेळा टाकी भरली, बंद पडल्याची एकही नोंद नाही. तिसऱ्या महिन्याच्या यादीखाली मात्र त्यांनी विचारलं होतं: ‘आता काटा फुलवर पूर्वीसारखा चिकटून राहत नाही. भरल्यानंतर थोड्या अंतरातच खाली यायला लागतो. मीटर खराब झालं का?’

मी ती जुनी ओळ पुन्हा काढून पाहिली. टाकी प्लास्टिकची आहे. व्हॅक्यूमने तिच्या भिंती आत ओढल्या जात होत्या, टाकीची जागा कमी होत होती, त्यामुळे पेट्रोल जळत असूनही पातळी वर राहत होती आणि तरंगणारा गोळा काट्याला वरच धरून ठेवत होता. पाच महिने गाडीच्या डॅशबोर्डवर या दोषाची खूण दिसत होती, आणि बाईंनी ती पहिल्याच भेटीत माझ्या हातात दिली होती. मी त्यांना लिहिलं की मीटर आता बरोबर दाखवतंय, चुकीचं आधी दाखवत होतं.